नवऱ्याची बीपीची गोळी चुकत नाही, माझी कॅल्शियमची बाटली मात्र एक्स्पायर होते

कोयरी | ३ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

संध्याकाळी फ्रिजवरची टोपली आवरायला घेतली तर तळाशी कॅल्शियमची बाटली. ३० गोळ्यांची. मोजल्या, २६ निघाल्या. तारीख बघितली तर मार्चमध्येच संपलेली. म्हणजे चार दिवस घेतल्या आणि विसरले. आणि त्याच टोपलीत नवऱ्याचा सात कप्प्यांचा डबा, सोम-मंगळ-बुध लिहिलेला, तो मी ११ वर्षं दर रविवारी रात्री भरते. एकदाही चुकलेलं नाही. सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब दिवसातून तीनदा, तेही चुकत नाहीत.

मी ४९. गेल्या वर्षी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजतात तो) केला, टी-स्कोअर उणे १.८. डॉक्टर म्हणाल्या ऑस्टिओपेनिया आहे, म्हणजे हाडं जरा विरळ झालीत, घाबरायचं काही नाही, पण चाला, थोडी वजनं उचला, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सोडू नका. मी त्याच आठवड्यात साडेतीन हजारांचे बूट आणले. १९ दिवस चालले. मग लेकीची परीक्षा, मग नणंदेकडचं लग्न, मग थंडी. बूट आता लेक घालते.

माहिती नाही असं अजिबात नाही हो, सगळं माहितीये, ग्रुपवर रोज दहा व्हिडिओ येतात. तरी नवीन सवय लागत नाही आणि जुन्या (उपाशीपोटी चहा, पातेल्यातलं उरलेलं संपवणं, ऑफिसमध्ये तासन् तास लघवी दाबून बसणं) सुटत नाहीत. तुमच्यापैकी कुणाची चाळिशीनंतर एखादी सवय खरंच बदलली का? तेव्हा नेमकं काय झालं होतं? उपदेश नको, अनुभव सांगा.

तिखटमीठ | ३ जून, रात्री १०:५८

पहिली मी! माझ्या बाटलीत २८ निघतील. तू माझ्यापेक्षा दोनने पुढे आहेस, अभिनंदन.

पिंपळपान | ३ जून, रात्री ११:१०

रुमाल टाकून ठेवते. उद्या डबे झाले की सविस्तर लिहिते.

परखड_पेठ | ३ जून, रात्री ११:३१

स्पष्ट लिहितेय, राग मानू नका. घरच्यांनी अडवलंय का गोळी घ्यायला? नाही ना? आपणच त्यागमूर्ती व्हायचं आणि मग धागे काढायचे. मी ५३ ची आहे, पहाटे पाचला पर्वती चढते, १०३ पायऱ्या, दोन वेळा. घरात कुणी उठलेलं नसतं, कुणाचं काही अडत नाही. इच्छा असली की होतं.

कोयरी | ३ जून, रात्री ११:४०

राग नाही. पण घरात कोण कोण असतं तुमच्या? माझ्याकडे पावणेसहाला सासूबाईंना उठवून बाथरूमला न्यावं लागतं.

परखड_पेठ | ३ जून, रात्री ११:४४

आम्ही दोघंच. मुलगा बंगळूरला.

बरं, मुद्दा लक्षात आला. पायऱ्या मी मुलगा गेल्यावरच सुरू केल्या, हेही कबूल करून टाकते.

बंडूनाना_चिपळूणकर | ४ जून, सकाळी ७:१२

महिलांच्या धाग्यावर आगाऊपणा करतोय, माफी असावी. आमची आजी जात्यावर दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, सारवण, कांडण सगळं. ना कॅल्शियम ना डेक्सा. ८४ वर्षं ठणठणीत जगली. आताच्या बायकांना मिक्सर, वॉशिंग मशीन आलं आणि हाडं ठिसूळ झाली, असं माझं प्रामाणिक मत.

तिखटमीठ | ४ जून, सकाळी ७:३०

आलेच नाना. पोहे घ्या, चहा घ्या, आणि जरा मिक्सर लावा.

पिंपळपान | ४ जून, सकाळी ११:२०

नाना, तुमची आजी शेवटच्या १० वर्षांत सरळ उभी राहायची का? खोचक विचारत नाहीये. माझीही आजी अशीच "ठणठणीत" होती. पण मला ती आठवते ती कमरेत काटकोनात वाकलेली, एक हात गुडघ्यावर. देवळात गेलो की ती देवाचे पाय बघायची, तोंड बघायला तिला भिंतीला टेकून मान उचलावी लागायची. आम्हाला वाटायचं म्हातारपण म्हणजे असंच असतं. लहानपणी चित्र काढा म्हटलं की आम्ही आजी वाकलेलीच काढायचो. चाळिशीत आईची हाडं तपासली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या आईबद्दल विचारलं आणि मग समजलं की मणके आतल्या आत दबत जातात, तेही फ्रॅक्चरच असतं. कधी बारीकशी कळ आली असेल, "पाठ धरली" म्हणून तिने तेल लावून घेतलं असेल, बस.

बंडूनाना_चिपळूणकर | ४ जून, दुपारी १:०५

वाकायची. काठी होती. हे कधी असं डोक्यात आलंच नाही. मिक्सरचं विधान मागे घेतो.

स्टेथो_आणि_सांडगे | ४ जून, दुपारी ३:१५

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण इथे मुख्यत्वे पाककृतींच्या विभागात सापडते. पिंपळपान यांचं बरोबर आहे. पाळी थांबताना इस्ट्रोजेन उतरतं आणि हाड झिजायचा वेग एकदम वाढतो, पहिली काही वर्षं सगळ्यात जास्त. टी-स्कोअर उणे १ च्या वर असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ मधलं ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. कोयरी, तुमचा उणे १.८ म्हणजे अजून बरंच काही हातात आहे. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने भागत नाही, स्नायूंवर जोर पडेल असंही काहीतरी हवं. दोन पाण्याच्या बाटल्या घेतल्या तरी सुरुवात होते.

जाता जाता: १२ महिने सलग पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणायचं. आपल्याकडे ती साधारण ४६-४७ ला येते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. आणि त्या १२ महिन्यांनंतर एक थेंब जरी दिसला तरी "उष्णता झाली असेल" म्हणून बसू नका, दाखवून घ्या. बहुतेक वेळा किरकोळ निघतं, पण दाखवायचंच. ही विनंती नाही, दम आहे.

नाशकातली_मावशी | ४ जून, दुपारी ३:४०

डॉक्टर, हॉट फ्लशेससाठी हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का? मैत्रीण म्हणते कॅन्सर होतो.

स्टेथो_आणि_सांडगे | ४ जून, संध्याकाळी ६:०२

नेटवर बसून कुणालाच हो-नाही सांगणार नाही. भीती कुठून आली तेवढं सांगते. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पुढे हेच आकडे वयानुसार वेगळे करून पाहिले तेव्हा साठीच्या आतल्या, पाळी थांबून १० वर्षं झालेली नाहीत अशा बायकांचं गणित बरंच वेगळं निघालं. घरात कॅन्सरचा इतिहास, रक्ताच्या गुठळ्या, यकृत, सगळं बघून ठरतं. रात्री तीनदा गाऊन बदलावा लागत असेल तर सोसत बसू नका, डॉक्टरांशी बोला एवढंच.

तिखटमीठ | ४ जून, संध्याकाळी ६:१०

रात्री पंखा पाचवर, नवरा रजई घेऊन हॉलमध्ये. आमचा संसार सध्या असा चाललाय.

सोनचाफा | ४ जून, रात्री ९:२५

कोयरीने विचारलंय कुणाची सवय बदलली का. माझी बदलली, ती अशी.

मी ५६. लग्न झाल्यापासून सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, नवरात्राचे नऊ दिवस. हरतालिका तर निर्जळी. ४८ ला शुगर निघाली. तरी उपास चालूच. उपास म्हणजे काय, सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरी-दाण्याची आमटी, रात्री बटाट्याचा कीस. एकादशी दुप्पट खाशी ते उगीच म्हणत नाहीत. एका संकष्टीला खिचडीनंतर ग्लुकोमीटर लावला, २८०. डायटिशियनने समजावलं, मुलाने ओरडून सांगितलं, मी हो हो म्हणून पुढच्या सोमवारी परत साबुदाणा भिजवला. हात आपोआपच जातो हो, रविवारी रात्री झोपायच्या आधी साबुदाणा भिजवला नाही तर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं.

शेवटी एक दिवस सासूबाईंनी (वय ८१) मला मीटर लावताना बघितलं. आकडा विचारला. मग म्हणाल्या, "औषध घेणाऱ्याला उपास नसतो. तुझे सोमवार आजपासून माझ्याकडे दे." झालं. आठ वर्षं डॉक्टर जे सांगत होते ते त्या एका वाक्यात झालं. आता सोमवारी मी वरण-भात-भाजी जेवते आणि त्या समोर बसून राजगिऱ्याचा लाडू खातात. पहिले दोन महिने घास घशात अडकायचा.

पिंपळपान | ४ जून, रात्री ९:४१

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हे वाचून पाणी आलं डोळ्यात.

परखड_पेठ | ४ जून, रात्री ९:५०

मला मात्र हे वाचून वाईट वाटलं. ५६ वर्षांच्या बाईला स्वतःच्या ताटात काय असावं याला परवानगी लागते?

सोनचाफा | ४ जून, रात्री १०:०३

लागते. लागू नये हे मलाही कळतं. पण कळलं आणि सुटलं यात आठ वर्षं गेली ना, तेच तर सांगतेय.

झेपेल_तेवढं | ५ जून, सकाळी १०:३०

डोंबिवलीहून. आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे, ९ जणी, सगळ्यात लहान ४४ ची आणि मोठी ६१ ची. श्रावणात ऑर्डरी असतात, त्यामुळे मे-जूनपासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा सराव. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, सूपफुगडी, कोंबडा, लाट्या बाई लाट्या, सगळं. जिमची फी भरून दोनदा सोडलेली बाई मी, पण हा सराव गेली सहा वर्षं चुकवलेला नाही, कारण मी नाही गेले तर फुगडीला जोडी कमी पडते आणि समोरची फोन करकरून जीव खाते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की कोंबड्याच्या उड्या आल्या की दोघीतिघी हमखास "पाणी पिऊन येते" म्हणून सटकतात. मीही त्यातलीच. कुणीच बोलत नव्हतं. मग एकदा ६१ वाल्या काकूंनीच मधे थांबून सांगितलं, "मुलींनो, मला उडी मारली की थेंब थेंब होतं, मी पॅड लावून येते, तुमचं काय?" दोन सेकंद शांतता आणि मग जे हसणं सुरू झालं की वॉचमन बघायला आला. नऊपैकी सहा जणींना होतं. शिंकलं की, खोकलं की, उडी मारली की. आम्ही फिजिओथेरपिस्टला बोलावलं, तिने ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकवला, लघवी मधेच थांबवताना जे आवळतं ते. आता सरावाच्या आधी दहा-दहाचे तीन फेरे सगळ्याजणी गोलात उभ्या राहून करतो, बघणाऱ्याला वाटतं प्रार्थना चाललीय. माझं तीन-चार महिन्यांत बरंच कमी झालं.

तिखटमीठ | ५ जून, सकाळी १०:४४

"बघणाऱ्याला वाटतं प्रार्थना चाललीय" 😂😂 ऑफिसात मोठ्याने हसले.

स्टेथो_आणि_सांडगे | ५ जून, सकाळी ११:००

त्या काकूंना माझ्याकडून मानाची साडी. एकच भर: शिकण्यापुरतं ठीक, पण प्रत्यक्ष लघवी करताना मधे थांबवून हा व्यायाम रोज करू नका. आणि कोयरी, दाबून ठेवायची सवय मोडाच.

खडूफळा | ५ जून, दुपारी २:१५

दाबून ठेवण्यावरून. मी शिक्षिका, २२ वर्षं नोकरी. सुरुवातीच्या शाळेत बायकांसाठी एकच टॉयलेट, कडी नाही, पाणी नाही. म्हणून मग पाणीच प्यायचं नाही. सकाळी सात ते दीड एक घोट नाही. नंतर बदली झाली, नवीन शाळेत स्वच्छ टॉयलेट, नळाला पाणी, सगळं आहे. तरी माझी बाटली भरलेलीच परत घरी येते! युरिन इन्फेक्शन वर्षातून दोनदा ठरलेलं. शरीराला सांगता येत नाही हो की आता बदली झालीय.

अंबाजोगाईहून | ५ जून, रात्री ८:५०

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते. मी बीड जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे. तुमच्या चर्चेत ४७ ला पाळी जाते, मग हाडं, मग डेक्सा. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पाळी जात नाही, काढली जाते.

नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे ५०० रुपये कापले जातात. फडात पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जात असलं तरी मोळी डोक्यावर घ्यायचीच. मग पोट दुखतं म्हणून खासगी दवाखान्यात गेली की "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल" म्हणून घाबरवायचं. २०१९ ला हे गाजलं तेव्हा सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८० हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी पस्तिशीच्याही आत.

माझ्या ओळखीतली एक जण ३१ ला ऑपरेशन झालेली. आता ३९ ची आहे. कंबर, गुडघे, अंगाची आग, झोप नाही. तिला विचारलं तर म्हणते "आता वय झालं ताई." आणि ऑपरेशनचं कर्ज फेडायला पुढच्या वर्षी जास्त उचल घेतली. तिच्या सवयी कुठून बदलायच्या ते सांगा.

पिंपळपान | ५ जून, रात्री ९:१५

काय बोलावं कळत नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

स्टेथो_आणि_सांडगे | ५ जून, रात्री १०:२०

यावर आमच्या व्यवसायाने मान खाली घालावी. वैद्यकीय बाजू एवढीच की पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर त्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते, एका झटक्यात, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. अंडाशय ठेवले तरी ती लवकर येऊ शकते. त्या ३९ च्या बाईंची लक्षणं वयाची नाहीत. ताई, त्यांच्या डिस्चार्ज कागदावर अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते बघाल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अंबाजोगाईहून | ५ जून, रात्री १०:३२

कागद नाहीत. बहुतेकींकडे नसतात. पण सोनोग्राफी करून घेता येईल का बघते. व्यनि करते.

लीड्सवाली | ६ जून, पहाटे ३:४० (तुमच्याकडची)

इंग्लंडमधून, म्हणून वेळ अशी. वरचं वाचल्यावर माझं लिहायला संकोच वाटतोय, पण कोयरीच्या प्रश्नाशी संबंध आहे म्हणून लिहिते.

मी स्वतःहून कधीही मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) केला नसता. इथे ५० ते ५३ च्या दरम्यान पहिलं पत्र येतं, मग ७१ पर्यंत दर तीन वर्षांनी. माझ्या पत्रात तारीख, वेळ, जागा सगळं छापलेलं. जागा कुठली, तर सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये उभी असलेली एक मोठी व्हॅन. मी भाजीची पिशवी घेऊन गेले, आत जाऊन आले, कोथिंबीर घेतली आणि घरी. मला काही ठरवावंच लागलं नाही. पुण्यात माझ्या बहिणीच्या सोसायटीत मोफत कॅम्प होता, तिला चार वेळा फोन केला, गेली नाही. "काही निघालं तर?" म्हणाली. निघालं तर म्हणूनच जायचं असतं ना, पण मला तिच्यावर हसता येत नाही, पत्र आलं नसतं तर मीही तीच.

स्टेथो_आणि_सांडगे | ६ जून, सकाळी ८:३०

लीड्सवाली, तुमच्या व्हॅनवरून आठवलं. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून मोठा अभ्यास केला, ३५ ते ६४ वयाच्या जवळपास दीड लाख बायका. मॅमोग्राफी नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनांची तपासणी करायच्या. २० वर्षांनी बघितलं तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी होती, व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची, त्यात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. व्हिनेगर म्हणजे सौम्य ॲसेटिक ॲसिड, तिखटमीठ, घरच्या बाटलीकडे बघू नकोस.

तिखटमीठ | ६ जून, सकाळी ८:४१

बघितलं होतं. ठेवली परत.

कऱ्हाडची_वेल | ६ जून, रात्री ११:५५

या आयडीने पहिल्यांदाच लिहितेय. जुना आयडी सगळ्यांना माहीत आहे म्हणून नवीन काढला.

मी ५१. बँकेत ऑफिसर आहे. मी मिश्री लावते. ३४ वर्षं झाली. दाढ दुखत होती म्हणून आजीने तव्यावर तंबाखू भाजून, चुरून बोटावर दिली, तेव्हा मी १७ ची. दाढ काढून पण ३० वर्षं झाली. आमच्या भागात घरोघरी आहे, आई लावते, दोन्ही काकू लावतात, त्याला कुणी व्यसन म्हणत नाही, "दात घासते" म्हणतात. बँकेत कुणाला माहीत नाही. नवऱ्याला माहीत आहे, मुलांना माहीत आहे पण बोलत नाहीत. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे कारण मी स्वतःला सांगते.

चार वेळा सोडली. दोन्ही बाळंतपणात, एकदा लॉकडाऊनमध्ये आणि एकदा हिरडीवर पांढरा डाग दिसला तेव्हा. डाग तपासला, तेव्हा साधा निघाला. आठ दिवसांनी परत सुरू.

सोनचाफा आणि पार्किंगवाल्या काकूंचं वाचून मला एक गोष्ट कळली, ती अशी की मी मिश्रीसाठी लावत नाही. पहाटे मोरीच्या उंबऱ्यावर बसते, ॲल्युमिनियमची छोटी डबी, तर्जनी, आणि पंधरा-वीस मिनिटं. तोंड भरलेलं असतं म्हणून कुणी हाक मारत नाही, मारली तरी मी ओ देत नाही आणि सगळ्यांना ते चालतं. अख्ख्या दिवसात मला फक्त त्या वीस मिनिटांत कुणी काही विचारत नाही. नुसती बसले तर लगेच "काय गं, बसलीस का, माझा टॉवेल कुठाय?"

पिंपळपान | ७ जून, सकाळी ६:२०

वेल, तुम्ही हे लिहिलंत. एवढंच म्हणते.

खडूफळा | ७ जून, सकाळी ७:०५

शेवटचं वाक्य वाचून मी चहा ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. दीड मिनिटात हाक आली.

परखड_पेठ | ७ जून, सकाळी ७:४०

इच्छा असली की होतं असं मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं. ते जरा सैल करते. पर्वतीच्या पायऱ्यांवर पण मला कुणी टॉवेल विचारत नाही, त्यासाठीच जात असेन कदाचित.

स्टेथो_आणि_सांडगे | ७ जून, सकाळी ९:१०

वेल, मी प्रवचन देत नाही. दोन कामाच्या गोष्टी. एक, डाग तेव्हा साधा निघाला याचा अर्थ कायमचा साधा असा नाही, दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला दाखवा आणि मिश्री लावते हे सांगून दाखवा. दोन, निकोटिनची तलफ साधारण पहिले दोन-तीन आठवडे जास्त छळते, त्या काळासाठी निकोटिनची च्युइंगम मिळते, किती आणि कशी ते डॉक्टरांना विचारून. पोट साफ न होणं काही दिवस खरंच होतं, तो तुमचा भ्रम नाही. रात्री इसबगोल घ्या आणि पाणी वाढवा. आणि मोरीचा उंबरा सोडू नका. डबी तेवढी बदला.

बंडूनाना_चिपळूणकर | ७ जून, सकाळी ९:३५

काल रात्री मी सौ. ला विचारलं की तुझ्या गोळ्या कुठल्या आहेत. थायरॉइडची आहे हे मला माहीत होतं, ती चहाबरोबर घेते हे माहीत नव्हतं. चालतं का?

स्टेथो_आणि_सांडगे | ७ जून, सकाळी ९:४२

नाही चालत नाना. उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोह चालू असेल तर ते चार तासांनी.

बंडूनाना_चिपळूणकर | ७ जून, सकाळी ९:५०

चहाशिवाय अर्धा तास! ती हे तुमच्यावर नाही, माझ्यावर काढणार.

नाशकातली_मावशी | ७ जून, दुपारी १२:३०

अवांतर: कॅल्शियमसाठी नाचणीचं आंबील कुणी करतं का? माझं चिकट होतं.

झेपेल_तेवढं | ७ जून, दुपारी १२:४५

पीठ रात्री ताकात भिजवा, सकाळी उकळत्या पाण्यात एका हाताने ओतत दुसऱ्याने ढवळत राहा, गॅस बारीक. थोडं थंड झाल्यावर परत ताक, लसूण, जिरं, मीठ. ताक आधीच सगळं ओतलं की फाटतं. आणि वरून भाजलेल्या तिळाचं कूट, त्यात नाचणीपेक्षाही जास्त कॅल्शियम.

कोयरी | ९ जून, रात्री १०:१५

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. धागा एवढा वाहील असं वाटलं नव्हतं.

मी काय केलं ते सांगते, फार काही नाही. नवऱ्याचा सात कप्प्यांचा डबा आहे ना, त्यातच प्रत्येक कप्प्यात माझी कॅल्शियमची गोळी टाकली. रविवारी भरताना हात चुकत नाहीच, मग माझीही त्यात जाते. तो रात्री जेवल्यावर डबा उघडतो तेव्हा दोन गोळ्या दिसतात, एक त्याची, एक माझी, आणि त्याला मला हाक मारावीच लागते. काल म्हणाला, "ही मोठी खडूसारखी कुणाची?" ११ वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

चालायचं अजून जमलेलं नाही. सासूबाईंना पावणेसहाला उठवायचंच असतं, पण आता त्या कमोडवर बसल्या की बाहेर पॅसेजमध्ये मी दोन बाटल्या घेऊन हात वरखाली करते. काल त्यांनी आतून विचारलं, "कोण मोजतंय गं?"

वेल, तुम्ही कशा आहात?

कऱ्हाडची_वेल | १० जून, सकाळी ६:०२

तिसरा दिवस. डबीत बडीशेप भरलीय. उंबऱ्यावरच बसलेय, तोंडात बोट आहे, मुलगा दोनदा हाक मारून गेला.

तिखटमीठ | १० जून, सकाळी ६:३०

ओ देऊ नकोस.

नाशकातली_मावशी | १० जून, सकाळी ११:१०

आंबील जमलं. कोयरी, ते साडेतीन हजारांचे बूट कुठल्या नंबरचे आहेत? लेकीला नको असतील तर सांग.